पांजरपोळ : उगम, उद्देश आणि वैरणीचा हिशेब

गेल्या महिन्यांत संघाच्या भांडारांत हरभऱ्याचें बियाणें घेण्यास गेलों असतां एका वयस्क सभासद बंधूंनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारिलें, "भाऊसाहेब, बैल चौदा वर्षांचा झाला. औतास चालत नाहीं. बाजारांत न्यावा तर घेणारा नाहीं. पांजरपोळांत घालावा म्हणतों. पावती फाडली कीं झालें ना?" आम्हीं त्यांस त्या वेळीं 'विचार करून सांगतों' इतकेंच उत्तर दिलें. प्रश्न साधा होता. परंतु त्यांतील 'झालें ना' हे दोन शब्द घरीं येईपर्यंत आमच्या मनांतून गेले नाहींत. कारण कांहीं वर्षांपूर्वीं हेच शब्द आम्हीं स्वतः उच्चारिले होते, व त्यांचें उत्तर काय येतें तें आम्हीं पाहिलें आहे. तें पुढें यथास्थळीं सांगूं. प्रथम ही पांजरपोळ नांवाची संस्था काय आहे, ती कोणीं व कशासाठीं काढिली आणि ती कशावर चालते, याची माहिती करून घेऊं.

आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. त्या अनुभवावरून सांगतों कीं, जनावरांच्या चार घरांची आपल्या लोकांत फार गल्लत होते. कोंडवाडा, छावणी, गोशाळा आणि पांजरपोळ हीं तीं चार घरें. कोंडवाडा हें दंडाचें घर. १८७१ च्या कायद्यानें त्याची सर्व रीत ठरविली आहे. दुसऱ्याच्या पिकांत शिरलेलें जनावर तेथें कोंडावयाचें, धन्यानें दंड व खुराकी भरून सोडवावयाचें, सात दिवसांत कोणी न आल्यास पोलिसांस कळवून जाहीर नोटीस लावावयाची, आणि आणखी सात दिवस वाट पाहून लिलांव करावयाचा. छावणी हें दुष्काळापुरतें घर. तेथील प्रत्येक जनावरास धनी असतो, व पाऊस पडला कीं तो दावें धरून त्यास घरीं नेतो. निदान नेईल असें धरलेलें असतें. गोशाळा ही मूळची दुभत्या गाईंची व पैदाशीची जागा. पांजरपोळ मात्र या तिहींहून निराळा. तेथें जनावराकडून दूध, काम, वासरूं यांपैकीं कशाचीही अपेक्षा नसते. म्हातारें, लंगडें, आंधळें, टाकून दिलेलें किंवा छळणाऱ्याच्या हातून सोडविलेलें जनावर मरेपर्यंत सांभाळणें एवढाच त्याचा मूळ उद्देश. शब्द आपल्याकडे गुजराथेंतून आला. 'पांजर' म्हणजे पिंजरा आणि 'पोळ' म्हणजे दरवाज्याच्या आंतील वस्ती असा त्याचा अर्थ लावितात. आज पुष्कळ ठिकाणीं पाटीवर गोशाळा असें लिहिलेलें असतें व आंत पांजरपोळच असतो. आपलें जनावर घेऊन जाणारानें हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण दुभत्या गाई स्वतःच्या वैरणीचे पैसे कांहीं अंशीं तरी स्वतः देतात. पांजरपोळांतील बैल कांहींच देत नाहीं.

हा विचार आपल्या देशांत फार जुना आहे. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या अशोकाच्या दुसऱ्या लेखांत मनुष्यांची व पशूंची अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचें, औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें आणून लावविल्याचें, आणि माणसें व पशु यांच्यासाठीं वाटेवर विहिरी खणविल्याचें व झाडें लावविल्याचें कोरलेलें आहे. ही गोष्ट सव्वादोन हजार वर्षांपूर्वींची. पुढें ही रीत गुजराथेंतील जैन व वाणी महाजनांनीं नेटानें पाळिली. १६२३ सालीं पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा इटालियन प्रवासी खंबायतेस आला होता. त्यानें तेथें पांखरांचें रुग्णालय पाहिलें. त्यांत एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून, कापसांत ठेवलेल्या उंदराच्या पोरक्या पिलांस पांखराच्या पिसानें दूध पाजीत बसला होता, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. आम्हां शेतकऱ्यांस उंदीर म्हटला कीं कणगीस पडलेलें भोंक आठवतें, म्हणून ही हकीगत वाचून हंसूं येतें. परंतु त्या म्हाताऱ्याचें काम पाहा. कोणीतरी त्यास तेथें बसविलें होतें, कापूस व दूध पुरविलें होतें, आणि त्याच्या पोटाची तजवीज केली होती. दया त्या वृद्धाच्या हातांत दिसली, पण तिची पेढी दुसरीकडे होती.

ती पेढी कशी असते हें मुंबईच्या पांजरपोळाच्या इतिहासावरून चांगलें कळतें. त्याची सुरुवात गाईपासून नव्हे, कुत्र्यापासून झाली. मुंबई बेटांत मोकाट कुत्रीं फार झालीं म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत तीं मारण्याचा हुकूम कंपनी सरकारच्या पोलिसांनीं काढिला होता, व दर कुत्र्यामागें मारणारास बक्षीस मिळे. बक्षिसाची लालूच लागली म्हणजे काय होतें हें ज्यानें सरकारी काम जवळून पाहिलें आहे त्यास सांगावयास नको. मोकाट कुत्रीं हुडकीत हिंडण्यापेक्षां लोकांच्या दारांतलीं पाळलेलीं कुत्रीं धरणें सोपें, म्हणून तींही जाऊं लागलीं. पारशी धर्मांत कुत्र्यास मोठा मान आहे. मृताच्या अंत्यविधींतही त्याची गरज असते. जून १८३२ च्या आरंभीं, त्यांच्या एका पवित्र दिवशींच, कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर पारशी मंडळी चालून गेली. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला, आणि पारशांबरोबर हिंदु, जैन व मुसलमान व्यापारीही त्यांत सामील झाले. कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांची रसदही अडली. सरकारनें लष्कर आणून दंगा मोडला व धरपकड केली. परंतु शहाण्या पुढाऱ्यांनीं ओळखिलें कीं, नुसता दंगा करून कुत्रीं वांचत नाहींत. तीं मारूं नयेत असें म्हणावयाचें तर तीं ठेवावयाचीं कोठें, याचें उत्तर म्हणणाऱ्यानेंच दिलें पाहिजे.

तें उत्तर १८३४ सालीं मिळालें. जमशेटजी जीजीभाई हे पारशी व्यापारी आणि मोतीशा शेठ या नांवानें प्रसिद्ध असलेले जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांनीं पुढाकार घेऊन भुलेश्वरानजीक, आज ज्यास सी. पी. टँक म्हणतात त्या भागांत, पांजरपोळ स्थापन केला. कुत्र्यांसाठीं काढलेल्या या जागेंत लौकरच गाई, बैल, शेळ्या, घोडे, पांखरें अशी सर्व प्रजा जमा झाली. शहर वाढलें तशी जागा पुरेना, तेव्हां बाहेर कुरणें घ्यावीं लागलीं. चेंबुराकडे पांजरपोळ हें नांव आजही रस्त्यावर ऐकूं येतें. भुलेश्वरची मूळ जागाही अद्याप चालू आहे, व भर वस्तींत, चहूंकडे दुकानें असतां, तेथें गाई रवंथ करीत बसलेल्या दिसतात. या दोघां संस्थापकांची बरीच दौलत चीनशीं चालणाऱ्या व्यापारांत, आणि त्यांतही अफूंत, मिळविलेली होती, हेंही येथें सांगून टाकितों. इतिहास लिहावयाचा तर तो सबंध लिहावा.

आतां मुख्य गोष्ट. मोठी देणगी देणारा एकदां देतो. जनावर रोज खातें. म्हणून पश्चिम हिंदुस्थानांतील पांजरपोळ देणग्यांवर नव्हे, तर 'लाग्या'वर उभे राहिले. लागा म्हणजे महाजनांनीं आपण होऊन आपल्या व्यवहारावर बसविलेली पट्टी. कापूस, धान्य, साखर वगैरे मालाचा सौदा झाला कीं ठराविक रक्कम पांजरपोळाच्या नांवें जमा व्हावयाची. हा कर सरकारचा नव्हता व न दिल्यास जप्ती येत नसे, पण पेठेंत पत राखावयाची तर तो द्यावाच लागे. आम्हीं हा प्रकार प्रथम वाचला तेव्हां आम्हांस मोठें नवल वाटलें. जमीनमहसुलापलीकडे लोक आपण होऊन पट्टी बसवितात व पिढ्यान् पिढ्या भरतात, हें आमच्या खात्याच्या अनुभवांत बसणारें नव्हतें. आणि ज्या कापसाच्या सौद्यावर तो लागा बसे, तो कापूस कोणाच्या तरी आजा-पणजानें वेंचून गाडीनें पेठेंत पोंचविलेला असे, हेंही विसरूं नये. 'पांजरपोळ म्हणजे शेटजींचें पुण्य' असें आपण म्हणतों, त्यांत आपला भाग किती हें कोणीं मोजलें नाहीं.

लाग्याच्या जोरावर बऱ्या वर्षांत काम चाले. दुष्काळांत तें कोलमडे. १८९९-१९०० चा, म्हणजे संवत् १९५६ चा, छपन्नाचा दुष्काळ गुजराथेंत पडला तेव्हां गुरें इतकीं मेलीं कीं त्याच्या कथा अद्याप सांगितल्या जातात. अशा वेळीं पांजरपोळाच्या दाराशीं जनावरांची रीघ लागते आणि त्याच वेळीं आंत वैरण नसते. व्यापार बसलेला असतो, म्हणून लागाही आटतो. जी आपत्ति जनावर आणून सोडते, तीच आपत्ति त्याचा घांस काढून घेते. या पेंचांतून आजपर्यंत एकही संस्था सुटलेली नाहीं. कोणी वैरणीचा दोन-दोन वर्षांचा सांठा करून ठेवितात, तेवढेच निभावतात.

यांच्या शेजारीं दुसरा एक प्रवाह विलायतेहून आला. तेथें १८२२ सालीं गुरांस क्रूरपणें वागविण्याविरुद्ध कायदा झाला व १८२४ सालीं लंडनांत त्यासाठीं मंडळी स्थापन झाली. तिच्या धर्तीवर कलकत्त्यास १८६१ सालीं व मुंबईस १८७४ सालीं मंडळ्या निघाल्या. मुंबईच्या मंडळीचें परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि त्याच्या लगत १८८६ सालीं निघालेलें पशुवैद्यक कॉलेज यांनीं पुष्कळ जनावरें वांचविलीं व पुष्कळ पशुवैद्य तयार केले. या मंडळ्यांची दृष्टि निराळी. छळणारास कोर्टांत खेंचावें, जखमी जनावर बरें करावें, आणि बरें होण्यासारखें नसल्यास त्याच्या यातना संपवाव्या, असें त्या मानीत. पांजरपोळ म्हणे कीं, यातना कमी कराव्या, पण आयुष्य संपविण्याचा अधिकार आपला नव्हे. या वादांत आम्ही पडत नाहीं. मात्र रुग्णालय आणि आसरा हीं दोन वेगळीं कामें आहेत, आणि जेथें आसरा आहे पण डॉक्टर नाहीं तेथें दयेच्या नांवाखालीं जनावर महिनोन् महिने कुजत पडूं शकतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

कायद्यानें पुढें दोन्ही प्रवाह एकत्र आणिले. १८९० च्या कायद्याच्या जागीं १९६० सालीं नवा कायदा आला. त्याच्या पाठीशीं राज्यसभेच्या सभासद, नृत्यकलेसाठीं विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती. त्याचें ३५ वें कलम शेतकऱ्यानें वाचण्यासारखें आहे. छळाच्या खटल्यांतील जनावर मॅजिस्ट्रेट रुग्णालयांत किंवा पांजरपोळांत पाठवूं शकतो, आणि त्यास नेण्याचा व पोसण्याचा खर्च मालकावर पडतो. खर्चाचा दर जिल्हाधिकारी ठरवितात, आणि मालकानें तो न भरल्यास जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येतो. म्हणजे बैलाच्या खुराकीसाठीं सातबारावर बोजा चढूं शकतो! आमच्या कारकीर्दींत असें प्रकरण आमच्या टेबलावर आलें नाहीं, पण कलम आहे. त्याच कायद्याच्या ११ व्या कलमांत जनावर भुकेनें वा तहानेनें तळमळेल अशा स्थितींत वाजवी कारणाशिवाय टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्यास कायद्यांत दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये. टाकून देणाराच्या वाहनाचें भाडेंही त्याहून अधिक होतें.

पांजरपोळाच्या या सर्व व्यवहाराची सर्वांत कडक तपासणी कोणीं केली असेल तर ती गांधीजींनीं. एप्रिल १९२५ मध्यें मुंबईंत माधवबागेंत अखिल भारतीय गोरक्षा मंडळाची घटना मंजूर झाली. माधवबाग पांजरपोळापासून हांकेच्या अंतरावर आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. त्यांचें म्हणणें असें कीं, शहरांत कोंदट जागेंत जनावरें दाटण्यापेक्षां बाहेर मोकळीं कुरणें घ्यावीं, चांगले वळू ठेवून गाईंची अवलाद सुधारावी, दूध विकावें, आणि आपोआप मेलेल्या जनावरांचें चामडें कमावून त्याच्या उत्पन्नावर जिवंत म्हाताऱ्या जनावरांस पोसावें. चामड्याचें नांव काढतांच पुष्कळ भाविकांनीं नाक मुरडलें. तरी वर्ध्याजवळ नालवाडीस असें चर्मालय निघालें व चाललें. आमचें मत विचाराल तर भाविकांच्या नाक मुरडण्यापेक्षां गांधीजींचा जमाखर्च अधिक दयेचा होता. ज्यास गाय जगवावयाची आहे त्यास तिच्या मरणानंतरचा हिशेबही मांडतां आला पाहिजे.

आतां आपल्या दिवसांकडे येऊं. ट्रॅक्टर आला व बैल दावणीवरून कमी होत गेला. महाराष्ट्रांत १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होती; मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांसही लागू झाली. या बंदीच्या योग्यायोग्यतेविषयीं आपल्या सभासदांत दोन्ही बाजूंचीं मतें आहेत, व तीं आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही फक्त हिशेबाची बाजू सांगतों. पूर्वीं म्हाताऱ्या बैलाचे जे चार पैसे येत व ते नव्या खोंडास लागत, ते येणें थांबलें, आणि तो बैल पुढें आणखी पांच-सहा वर्षें जगतो. त्या वर्षांची वैरण कोणीतरी घालावयाची. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें गोशाळांतील देशी गाईंसाठीं दर गाईस दररोज ५० रुपये अनुदान देण्याचें ठरविलें. निर्णय चांगला, परंतु २०१९ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी छावण्यांस सरकारनें मोठ्या जनावरामागें दररोज १०० रुपये व लहानामागें ५० रुपये इतका दर शेवटीं दिला होता, हेंही आमच्या स्मरणांत आहे. पांच वर्षांनंतरचा आंकडा आधींच्या निम्मा, व तोही देशी गाईंपुरता. बैल त्यांत बसत नाहीं, संकरित गाय बसत नाहीं, म्हैस तर नाहींच.

छावण्यांच्या त्या उन्हाळ्यांत आमची नेमणूक नोंदवह्या तपासण्यावर होती. पाऊस पडल्यावर लोक आपापलीं जनावरें घेऊन गेले. तीन बैल मात्र राहिले. धन्यांचीं नांवें वहींत होतीं, गांवें होतीं. निरोप पाठविले, कोणी आलें नाहीं. आमच्या बरोबरच्या तरुण कारकुनानें संतापून त्यांस शिव्या घातल्या. आम्ही गप्प राहिलों, कारण आम्हांस तो अधिकार नव्हता. त्याचें कारण असें.

२०१६ च्या माघांत आमची विहीर व बोअर दोन्ही आटलीं. दावणीस हरण्या नांवाचा खिलार बैल होता, वय पंधराच्या आसपास, पुढचे दांत झिजलेले, उजव्या डोळ्यांत फूल पडलेलें. जोडीचा दुसरा बैल आधींच गेला होता. कडबा शेकडा दोन हजारांवर पोंचला. आम्हीं टेंपो केला व हरण्यास एका संस्थेंत नेऊन घातलें. आमच्या घरांतून यास संमति नव्हती. पण त्यांनीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं, फक्त टेंपोंत एक पेंढी अधिक टाकली. संस्थेच्या कचेरींत आम्हीं अकराशें रुपये दिले, पावती घेतली आणि तेथील व्यवस्थापकांस विचारिलें, "आतां झालें ना?" ते म्हणाले, "आपल्याकडून झालें." आम्हांस त्या वेळीं तें उत्तर समाधानाचें वाटलें. आम्ही पावती पाकिटांत घालून परत आलों व चारचौघांत आपण बैल विकला नाहीं, पांजरपोळांत घातला, हें अभिमानानें सांगितलेंही.

आश्विनांत त्या बाजूस कामानिमित्त जाणें झालें म्हणून आंत डोकावलों. हरण्या एका कडेस उभा होता. बरगड्या मोजतां येत होत्या व माकडहाडापाशीं कातडी सोलवटून जखम झाली होती. आम्ही रागानें कचेरींत शिरलों. व्यवस्थापकांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं आमच्यापुढें वही ठेविली. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. ती वही चोख होती. किती जनावरें आलीं, किती मेलीं, किती कडबा आला, किती भावानें आला, सगळें तारीखवार. त्यांत माघाच्या पानावर आमचें नांव व अकराशें रुपये. दिवसास पांच पेंढ्या धरल्या तर त्या भावानें शंभर रुपये रोज. आमचे अकराशें रुपये अकरा दिवसांत संपले होते, आणि बैल तेथें आठ महिने होता. बाकीच्या दिवसांचें त्यानें खाल्लें तें कोणा अनोळखी माणसाचें, व जें खाल्लें नाहीं तें आमचें. झिजलेल्या दांतांनीं अखंड कडबा त्यास चावत नव्हता; गव्हाणीवर तरण्या जनावरांनीं त्यास मागें लोटलें होतें. शंभरांवर जनावरें आणि तीन गडी असतां हें कोणीं पाहावें?

आम्ही त्यास परत आणिलें. त्यानें आम्हांस ओळखिलें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. टेंपोंतल्या हिरव्या चाऱ्याकडे मात्र त्यानें मान वळविली. कडबाकुट्टीवर बारीक केलेला कडबा रात्रभर मीठपाण्यांत भिजवून सकाळीं घातला म्हणजे तो खाई. जखम भरण्यास दोन महिने लागले. पुढें सव्वा वर्ष तो गोठ्यांत बसून होता, आणि २०१८ च्या थंडींत गेला. त्यास बांधाकडेस पुरला.

त्या वेळेपासून आम्हीं हिशेब पक्का करून ठेविला आहे, तो सभासदांच्या उपयोगासाठीं देतों. काम न करणाऱ्या जनावरास वजनाच्या शेंकडा दोन इतका सुका चारा नुसतें जगण्यास लागतो. खिलार बैल चारशें किलोंचा धरला तर रोज आठ किलो, म्हणजे वर्षास सुमारें एकोणतीस क्विंटल. आमच्या बाजूस जिराईत शाळूचा कडबा एकरीं एक-दीड टन उतरला म्हणजे वर्ष बरें गेलें म्हणतात. तेव्हां एका निवृत्त बैलाचें निवृत्तिवेतन दोन-तीन एकरांचा कडबा इतकें आहे. याशिवाय पाणी, मिठाचा खडा, थोडी पेंड. कडबा अखंड टाकल्यास पुष्कळ पायदळीं जातो. कुट्टी केल्यास वांचतो. बसलेलें जनावर उठत नसेल तर खालीं मऊ वाळू किंवा पाचट घालून दिवसांतून अनेक वेळां कूस बदलावी लागते, नाहींतर हाडावरची कातडी जाते. हें काम पैशाचें नाहीं, हातांचें आहे, व संस्थांत हात नेहमींच कमी असतात.

ज्यांस घरीं ठेवणें खरोखरच शक्य नाहीं त्यांनीं पांजरपोळांत जरूर घालावें. रस्त्यावर सोडण्यापेक्षां तें शतपट बरें. मात्र आधीं रिकाम्या हातीं जाऊन ती जागा पाहून यावी. वैरणीची वळई किती महिन्यांची आहे तें पाहावें. नवीन आलेलें जनावर कांहीं दिवस वेगळें बांधतात कीं लगेच कळपांत सोडतात, हें विचारावें; २०२२ सालीं लंपी आली तेव्हां ज्यांनीं वेगळें बांधण्याची जागा ठेविली नव्हती त्यांस तें फार भोंवलें. म्हाताऱ्यांची गव्हाण वेगळी आहे काय, पशुवैद्य किती दिवसांनीं येतो, मेलेल्या जनावरांची नोंद आहे काय, हें विचारण्यास भिऊं नये. जी संस्था मेलेल्यांचा आंकडा सरळ सांगते तिच्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवूं. जनावरासोबत त्याच्या कानांतील बिल्ल्याचा बाराअंकी क्रमांक, लाळ-खुरकुताच्या व लंपीच्या लसीची नोंद आणि त्यास काय चावतें व काय चावत नाहीं हें लिहून द्यावें. आणि पावती एका दिवसाची न घेतां दरसाल घ्यावी. रोख जमत नसेल तर कडबा द्यावा. संस्थांस तोच अधिक उपयोगी पडतो, कारण टंचाईंत पैसे असूनही कडबा मिळत नाहीं.

त्या सभासद बंधूंस आम्हीं हें सर्व त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें व आपल्या दोन एकर शाळूचा हिशेब बोटांवर केला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, कुट्टीयंत्र संघाकडे भाड्यानें मिळतें ना?" यंत्र आहे, दर तासावर आहे व नांव भांडारांत नोंदवावें लागतें. शाळूची काढणी झाल्यावर फाल्गुनांत आम्ही आपल्या वांट्याच्या कडब्याची गाडी त्या जुन्या संस्थेकडे पाठवितों. यंदा गाडींत निम्मी जागा रिकामी आहे. ज्यांचें जनावर कोठल्याही पांजरपोळांत आहे व ज्यांस आपल्या पेंढ्या टाकावयाच्या आहेत, त्यांनीं माघ अखेरपर्यंत भांडारांतील वहींत पेंढ्यांचा आंकडा लिहावा. पेंढी सुकी व बुरशी नसलेली असावी.